एफ वन दाबल्यावर कोण येतं?

सॉफ्टवेअरमधल्या ‘हेल्प’वर आपण बहुतेक वेळा चुकूनच पोचतो. पण ती पानं कुणीतरी बसून लिहिलेली असतात. आणि त्यातलं एक वाक्य चुकीच्या जागी पडलं, तर कुणाच्या तरी अकरा संध्याकाळी वाया जातात. हेल्प फाइल बनवणाऱ्यांच्या जगातला हा फेरफटका, स्वतःच्या चुकीसकट!

संध्याकाळचे पावणेसात. बॉसला हवी असलेली एक्सेल शीट जवळजवळ तयार आहे. एक आकडा बदलायचा म्हणून तुम्ही एफ टू दाबायला जाता, बोट जरासं डावीकडे सरकतं आणि... हेल्पचं पॅनल उघडतं! तुम्ही मनातल्या मनात एक शिवी हासडता, ते पॅनल बंद करता आणि पुन्हा कामाला लागता.

असंच होतं ना? आपली आणि हेल्पची ओळख इथेच सुरू होते आणि इथेच संपते.

माझीही तेवढीच होती. २०२३ च्या पावसाळ्यापर्यंत. मास कॉमची डिग्री गाठीशी, फ्रीलान्सिंगची हौस आणि लेख छापून आल्यावर तीन महिन्यांनी येणारं मानधन, असा सगळा थाट होता. त्यात पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं दर महिन्याच्या एक तारखेला न चुकता येतं, त्याला मानधनाशी काही देणंघेणं नसतं. अशा वेळी बाणेरला आयटीत असलेली मैत्रीण म्हणाली, ‘‘अगं, ओळखीच्या एका कंपनीला हेल्प फाइल लिहून हवीये. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. तुला लिहिता येतं ना? मग झालं तर!’’

कंपनी छोटी होती. हाउसिंग सोसायट्यांचे हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर बनवायची. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकीवरचं व्याज, वर्षअखेरचा ताळेबंद वगैरे. मला वाटलं, सोप्पंय! स्क्रीनचे फोटो काढायचे, खाली ‘इथे क्लिक करा’ लिहायचं, चेक घ्यायचा.

पहिल्याच दिवशी सीनियरने माझी शाळा घेतली. पंधरा वर्षं हेच काम करणारी बाई. तिने विचारलं, ‘‘हेल्प कोण वाचतं?’’

‘‘युजर,’’ मी म्हटलं.

‘‘चूक. अडकलेला युजर. ज्याचं सगळं सुरळीत चाललंय तो कशाला येईल तुझ्या पानावर?’’

तेव्हा मी हसून मान डोलावली. या वाक्याचा अर्थ कळायला मला एप्रिल उजाडावा लागला.

ही ‘हॅट’ डोक्यावरची नव्हे!

हेल्प लिहिण्यासाठी जे खास सॉफ्टवेअर वापरतात त्याला म्हणतात हेल्प ऑथरिंग टूल. या धंद्यातली मंडळी त्याला लाडाने ‘हॅट’ म्हणतात. आता तुम्ही म्हणाल, वर्डमध्ये लिहिलं तर काय बिघडतं? मीही हेच विचारलं होतं.

बिघडतं ते असं. पुस्तक आपण पहिल्या पानापासून वाचतो. हेल्प तशी कुणीच वाचत नाही. माणूस मध्येच कुठून तरी टपकतो, आपल्यापुरतं उत्तर घेतो आणि निघून जातो. म्हणून हेल्प म्हणजे एक मोठा दस्तऐवज नसतो, शेकडो छोटी पानं असतात. प्रत्येक पानाला ‘टॉपिक’ म्हणतात आणि एका टॉपिकने शक्यतो एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. ही पानं एकमेकांना जोडणं, डावीकडची अनुक्रमणिका बनवणं, शब्दसूची आणि सर्चची सोय करणं, तुटलेल्या लिंक शोधून देणं, ही सगळी हमाली टूल करतं. शेवटी तुम्ही ‘बिल्ड’चं बटण दाबलंत, की त्याच मजकुरातून सॉफ्टवेअरबरोबर जाणारी हेल्प फाइल, वेबसाइटवर टाकायची पानं आणि छापायला पीडीएफ असं सगळं तयार होतं. लिहायचं एकदा, काढायचं हवं तितक्या रूपांत.

पूर्वी एवढी ऐश नव्हती बरं का. १९९० मध्ये विंडोज ३.० आलं आणि त्याबरोबर आलं ‘विनहेल्प’. तेव्हाचे लेखक खरंच वर्डमध्ये लिहायचे, पण कसं? प्रत्येक टॉपिकला तळटीपा. हॅशची तळटीप म्हणजे टॉपिकची ओळख, डॉलरची म्हणजे शीर्षक, ‘के’ची म्हणजे सूचीतले शब्द. लिंक द्यायची तर शब्दाखाली दुहेरी रेघ मारायची आणि पुढे अदृश्य अक्षरांत कुठे जायचं ते लिहायचं. एखादं चिन्ह राहिलं की फाइल तयार करणारा कंपायलर रुसून बसायचा.

या कटकटीतून सोडवायला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्लू स्काय सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीचं ‘रोबोहेल्प’ आलं आणि बघता बघता या धंद्यातलं घराघरातलं नाव झालं. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एचटीएमएल हेल्प’ आणलं. तुमच्या जुन्या पीसीवर पिवळ्या प्रश्नचिन्हाच्या आयकॉनच्या फाइल्स पाहिल्याच असतील, त्या सीएचएम फाइल्स. पानं, चित्रं, अनुक्रमणिका असं सगळं एकाच फाइलमध्ये घट्ट बांधलेलं. डबा उघडायचा आणि खायचं!

पुढची गोष्ट तर एखाद्या सिरियलला शोभेल. ब्लू स्कायने नाव बदलून ‘ईहेल्प’ केलं. २००३ मध्ये ईहेल्पला मॅक्रोमीडियाने घेतलं आणि २००५ मध्ये खुद्द मॅक्रोमीडियालाच अडोबीने घेतलं. या घरबदलात बाहेर पडलेल्या ईहेल्पच्या काही जुन्या मंडळींनी २००५ मध्येच ‘मॅडकॅप’ ही कंपनी काढली आणि ‘फ्लेअर’ नावाचं टूल आणलं. म्हणजे एकाच घरातून निघालेली दोन भावंडं बाजारात समोरासमोर उभी! याशिवाय ‘हेल्प अँड मॅन्युअल’ आहे, घरगुती वापरासाठी फुकट मिळणारं ‘हेल्पएनडॉक’ आहे. हात साफ करायचा असेल तर या शेवटच्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.

पार्किंग विचारलं, व्याज मिळालं

टूल चार दिवसांत आलं. लिहिणं काही केल्या येईना.

साधं उदाहरण घ्या. दिलेली पावती रद्द करायची सोय. मी अगदी ऐटीत शीर्षक दिलं, ‘रिसीट कॅन्सलेशन’. सीनियर म्हणाली, ‘‘पावती कोण रद्द करतं आणि कधी?’’ मी सपोर्टच्या मुलाला जाऊन विचारलं. तो म्हणाला, दहातल्या नऊ वेळा मेंबरचा चेक बाउन्स झालेला असतो. म्हणजे माझा वाचक सर्चमध्ये ‘कॅन्सलेशन’ टाइप करणारच नव्हता. तो टाकणार होता ‘चेक बाउन्स’. माझ्या अख्ख्या पानात तो शब्दच नव्हता! पान होतं, पण त्याला सापडलं नसतं. सूचीत ‘चेक बाउन्स’ घातलं आणि त्या दिवसापासून शब्दसूचीकडे आदराने बघायला लागले.

मग आलं एफ वनचं प्रकरण. ज्या स्क्रीनवर अडकलात त्याच स्क्रीनचं पान एफ वन दाबल्यावर उघडावं, यामागे जादू वगैरे नसते, आकडे असतात. डेव्हलपर प्रत्येक स्क्रीनला एक नंबर देतो. लेखक टूलमध्ये तोच नंबर त्या टॉपिकला देतो. दोन्ही जुळले की योग्य पान उघडतं. एका शुक्रवारी आमच्या डेव्हलपरने मध्येच दोन नवे स्क्रीन घुसवले आणि पुढचे सगळे नंबर दोनाने सरकवले. मला सांगायचं राहिलं. सोमवारी सपोर्टला फोन, ‘‘पार्किंगच्या स्क्रीनवर हेल्प मागितली तर थकबाकीवरचं व्याज कसं लावायचं ते सांगतंय, हे काय धमकावणं आहे का?’’ तेव्हापासून नंबरांची एकच यादी, दोघांच्या सामायिक शीटवर. दिलेला नंबर पुन्हा कधीच बदलायचा नाही, नवा स्क्रीन आला की नंबर शेवटी.

टूलच्या काही गोष्टींच्या मात्र मी प्रेमातच पडले. ‘स्निपेट’ म्हणजे एकदा लिहून पन्नास पानांत वापरायचा मजकुराचा तुकडा. ‘व्हेरिएबल’ म्हणजे एखादं नाव एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं. सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनचा आकडा असा एका क्लिकमध्ये बदलतो. आणि ‘कंडिशन’ म्हणजे मजकुराला लावायची खूण. ‘हे फक्त अॅडमिनसाठी’ अशी खूण लावली की क्लार्कला जाणाऱ्या फाइलमध्ये तो भाग येतच नाही. मूळ मजकूर एकच, पण दोघांना दोन वेगळ्या हेल्प.

आणि हो, सपोर्टच्या पोरांना सगळ्यात जास्त पिडणारा एक प्रश्न. ‘‘हेल्प उघडते, डावीकडे सगळी नावं दिसतात, पण उजवीकडे पान कोरं!’’ फाइल बिघडलेली नसते. मेलने आलेल्या किंवा इंटरनेटवरून उतरवलेल्या सीएचएम फाइलमधली पानं विंडोज सुरक्षेसाठी अडवून धरतं. फाइलवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘अनब्लॉक’. झालं काम. फाइल ऑफिसच्या नेटवर्कवर ठेवून तिथूनच उघडली तरीही पान कोरं दिसतं, २००५ च्या सुरक्षा अपडेटपासून हे असंच आहे. तेव्हा ती आपल्या मशीनवर कॉपी करून घ्यायची. ही एक ओळ इन्स्टॉलेशनच्या मेलमध्ये टाकली आणि सपोर्टचे कितीतरी फोन वाचले.

थोडक्यात काय, मार्चपर्यंत मी स्वतःवर बेहद्द खूश होते. कॉन्ट्रॅक्ट वाढवून मिळालं होतं. दोनशेच्या वर टॉपिक, एकही तुटलेली लिंक नाही, बिल्डच्या रिपोर्टमध्ये शून्य एरर.

‘तुम्ही लिहिलं होतं तसंच केलं’

एप्रिल २०२४. सपोर्टच्या मुलाने एक कॉल माझ्याकडे ट्रान्सफर केला. ‘‘तूच बोल,’’ एवढंच म्हणाला.

पलीकडे डोंबिवलीच्या एका सोसायटीचे खजिनदार होते. बँकेतून निवृत्त झालेले, मानद काम करणारे काका. २१२ फ्लॅट्सचा हिशोब एकटे सांभाळायचे. आवाज अजिबात चढलेला नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

‘‘मॅडम, वर्ष बंद करायचं होतं. तुम्ही लिहिलं होतं तसंच केलं मी.’’

मी ते पान उघडलं. पायरी एक, ‘इयर क्लोजिंग’ उघडा. पायरी दोन, वर्ष निवडा. पायरी तीन, ‘क्लोज इयर’ दाबा. पायरी चार, ‘येस’ दाबा. आणि त्याखाली, छानशा निळ्या चौकटीत: ‘टीप: ही क्रिया मागे घेता येत नाही. वर्ष बंद करण्यापूर्वी बॅकअप घ्यावा.’

वर्ष बंद झालं की त्या वर्षाच्या नोंदींना कुलूप लागायचं. काकांनी चौथी पायरी केली आणि मग टीप वाचली. दुसऱ्या दिवशी बँकेचं स्टेटमेंट आलं, तर मार्चअखेरीस थेट खात्यात जमा झालेल्या काही रकमा नोंदवायच्याच राहिलेल्या. कुलूप उघडायचा मार्ग एकच, जुना बॅकअप परत आणणं. आणि त्यांचा शेवटचा बॅकअप होता तीन आठवड्यांपूर्वीचा. तीन आठवड्यांच्या पावत्या, व्हाउचर्स, सगळं पुन्हा भरायचं. रोज संध्याकाळी बसून त्यांना अकरा दिवस लागले.

मी म्हणाले, ‘‘काका, चूक माझी आहे.’’

ते म्हणाले, ‘‘चूक कुणाची ते मी विचारतच नाहीये. मला एवढंच सांगा, आता पुढे काय करू? ते तुमच्या पानात कुठेच नाही.’’

फोन ठेवल्यावर मी सीनियरकडे गेले. खरं सांगू? माफी मागायला नाही, बचाव करायला. ‘‘बॅकअपचं लिहिलं होतं की मी!’’

‘‘कुठे लिहिलं होतंस?’’

‘‘खाली.’’

‘‘आणि ते खाली पोचले तेव्हा काय होऊन गेलं होतं?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाक्य बरोबर होतं, व्याकरण बरोबर होतं, चौकटीचा रंगसुद्धा ब्रँडच्या गाइडलाइनप्रमाणे होता. फक्त जागा चुकली होती. टूलने ते पकडलं नाही, कारण टूल तुटलेली लिंक पकडतं, उशिरा आलेला इशारा पकडत नाही. आणि पुढची सगळी पानं उलगडून बघितली, तर काकांची दुसरी तक्रारही खरीच होती. काम कसं करायचं ते दोनशे पानांत होतं. चुकलं तर काय करायचं, ते जवळजवळ कुठेच नव्हतं.

गंमत म्हणजे हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. ऐंशीच्या दशकात आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑफिसमधली माणसं कॉम्प्युटर कसा शिकतात ते बसून पाहिलं. माणसं सूचना वाचून मग काम सुरू करत नाहीत, असं त्यांना दिसलं. ती आधी उडी मारतात, अडकली की वाचतात, आणि चुका करतातच. मग कॅरॉल यांनी मॅन्युअल बारीक करून पाहिलं. प्रस्तावना कमी, खरं काम लवकर, आणि चूक ओळखून सावरायला भरपूर मदत. १९९० मध्ये त्यांचं ‘द न्यूर्नबर्ग फनेल’ हे पुस्तक आलं. डोक्यात नरसाळं लावून ज्ञान ओतता येतं, अशी एक जुनी जर्मन कल्पना आहे, ती चूक असल्याचं सांगणारं. मला जे कळायला काकांच्या अकरा संध्याकाळी जाव्या लागल्या, ते माझ्या जन्माआधीच छापून आलं होतं!

फूटपट्टी आणि मुरांबा

पुढच्या शनिवारी मी डोंबिवली गाठली. कंपनीने पाठवलं नव्हतं, मला बघायचं होतं.

काकांच्या टेबलावर कीबोर्डशेजारी माझं पान प्रिंट काढून ठेवलेलं होतं आणि त्यावर स्टीलची फूटपट्टी. एक ओळ वाचायची, ती करायची, पट्टी एक ओळ खाली सरकवायची. बँकेतली चाळीस वर्षांची सवय. पट्टीखालचं काहीच दिसायचं नाही! मी पुण्यात बसून कल्पना करत होते की वाचक आधी अख्खं पान नजरेखालून घालेल. इथे वाचक एका वेळी एक ओळ बघत होता. आपणही ओटीपी टाकताना, टॅक्स भरताना तसंच करतो की! घाबरलेला माणूस फार पुढचं बघत नाही.

निघताना काकू म्हणाल्या, ‘‘हे सगळं मराठीत का नसतं गं? यांना इंग्रजी येतं, पण नव्या खजिनदारांना कोण समजावणार?’’

ऑफिसात सांगितलं तर चक्क होकार मिळाला. नेहमीच्या वीस पानांपुरता. मी उत्साहात मराठी मजकूर टाकला, सीएचएम बिल्ड केली आणि उघडून बघते तर काय, उजवीकडे मराठी व्यवस्थित, डावीकडच्या अनुक्रमणिकेत नुसती प्रश्नचिन्हं! सीएचएमची रचना नव्वदच्या दशकातली. तिची अनुक्रमणिका आणि सूची युनिकोडवर नाही, जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचांवर चालते, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी तसा संचच नाही. पानावर मराठी चालते, यादीत नाही. मग त्याच मजकुराची वेब पानं काढली, ब्राउझरमध्ये उघडणारी, आणि एफ वन तिकडे जोडला. इथे मात्र हॅटला मनापासून सलाम. मजकूर पुन्हा लिहावा लागला नाही, फक्त आउटपुट बदललं.

शब्दांनी वेगळीच परीक्षा घेतली. मी ‘सेव्ह’ला मोठ्या अभिमानाने ‘जतन करा’ लिहिलं. काकांचा फोन आला, ‘‘जतन? अहो, मुरांबा आहे का तो?’’ झालं, ‘सेव्ह करा’. व्हेरिएबल एका जागी बदललं, वीस पानांतला मुरांबा एका मिनिटात गायब! पण याच काकांना ‘लेजर’पेक्षा ‘खतावणी’ जवळची वाटली आणि ‘आउटस्टँडिंग’पेक्षा ‘थकबाकी’. म्हणजे प्रश्न मराठी की इंग्रजी असा नव्हताच. रोजच्या बोलण्यात जो शब्द आहे तो घ्यायचा. आणि बटणाचं नाव मात्र स्क्रीनवर जसं आहे अगदी तसंच, कारण ते डोळ्यांना शोधायचं असतं.

वर्ष बंद करायचं पान नव्याने लिहिलं. सगळ्यात वर, काय होणार: ‘यानंतर या वर्षातली नोंद बदलता येणार नाही.’ मग पायरी एक, मार्चच्या सगळ्या नोंदी बँक स्टेटमेंटशी जुळवा. पायरी दोन, बॅकअप घ्या. मग बाकीच्या. आणि शेवटी ‘वर्ष चुकून बंद झालं तर’ असा एक परिच्छेद. डेव्हलपरला सांगितलं, ‘येस’च्या आधी सॉफ्टवेअरनेच बॅकअपचं विचारायला हवं. तो म्हणाला, ‘‘आता नको, रिलीज जवळ आलीये.’’ चार महिन्यांनी मात्र केलं. सगळ्यात चांगली हेल्प म्हणजे जी लिहावीच लागत नाही!

आता एआय आहे, मग हेल्प कशाला?

हा प्रश्न मला हल्ली प्रत्येक पार्टीत विचारतात. धंद्यात वारं बदललंय हे खरं. अनेक कंपन्यांत लेखक आता हॅट सोडून डेव्हलपरसारखे साध्या टेक्स्ट फाइल्समध्ये, मार्कडाउनमध्ये लिहितात. १९५३ पासूनचा वारसा सांगणारी अमेरिकेतली टेक्निकल रायटर्सची संस्था, सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, जानेवारी २०२५ मध्ये आर्थिक अडचणींमुळे बंद झाली. आणि सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात आता पानांऐवजी चॅटबॉट बसलेला असतो.

पण तो चॅटबॉट उत्तर कुठून देतो? बऱ्याचदा तुमच्या-माझ्यासारख्यांनी लिहिलेल्या हेल्पच्या पानांतूनच. त्या पानात इशारा चौथ्या पायरीनंतर असेल, तर बॉटही तो चौथ्या पायरीनंतरच सांगण्याची शक्यता जास्त. फरक इतकाच, की तो ते एकट्या डोंबिवलीला न सांगता सगळ्यांना सांगेल, तेही फार गोड भाषेत.

माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं. मी पुन्हा लेख लिहिते, मानधनाची वाट बघते. २०२५ च्या एप्रिलमध्ये मात्र राहवलं नाही, सपोर्टच्या मुलाला मेसेज केला, ‘इयर क्लोजिंगचे किती कॉल?’ त्याने उत्तर दिलं, ‘डोंबिवलीचा एक आला होता.’

माझ्या पोटात गोळा. दोन मिनिटांनी पुढचा मेसेज.

‘विचारत होते, नव्या खजिनदारांसाठी मराठी पानांची प्रिंट कशी काढायची!’

पहिली हेल्प फाइल लिहिताय? हे जमवा

• सुरुवात मेनूपासून करू नका, सपोर्टला येणाऱ्या फोनपासून करा. सगळ्यात जास्त येणारे दहा प्रश्न म्हणजे तुमचे पहिले दहा टॉपिक.

• एक टॉपिक, एक प्रश्न. एक पायरी, एक कृती. आधी जागा सांगा, मग काय करायचं ते: ‘रिपोर्ट्स मेनूत खतावणी निवडा.’

• जे मागे घेता येत नाही, त्याचा इशारा त्या पायरीच्या आधी. नंतर कधीच नाही.

• प्रत्येक महत्त्वाच्या पानाखाली ‘चुकलं तर’ असा एक परिच्छेद ठेवा.

• शब्दसूचीत सॉफ्टवेअरचे शब्द नकोत, अडकलेल्या माणसाचे शब्द घाला.

• स्क्रीनचे फोटो मोजकेच वापरा. पुढच्या व्हर्जनला बटण हललं की सगळे पुन्हा काढावे लागतात.

• सीएचएम पाठवताना ‘अनब्लॉक’ची ओळ मेलमध्येच लिहा. मराठी हेल्प हवी असेल तर वेब पानं काढा.

• आणि शेवटचं: पान लिहून झालं की ज्याने ते सॉफ्टवेअर कधीच पाहिलं नाही अशा माणसाला द्या, हातात फूटपट्टी द्या आणि शेजारी गप्प बसा.